दात कशाने घासता?

प्रश्न विचारणे हा आम्हां शिक्षकांचा धंदा आहे. सकाळच्या हजेरीपासून शेवटची घंटा होईपर्यंत आम्ही प्रश्नच विचारीत असतो. गंमत अशी, की ज्यांची उत्तरे आम्हांला अगोदरच ठाऊक असतात तेच प्रश्न आम्ही विचारतो आणि समोरच्याला उत्तर आले नाही म्हणजे रागावतो. ज्याचे उत्तर समोरच्या माणसाच्याच मनात कोठेतरी दडून बसले आहे असा प्रश्न विचारावा आणि ते उत्तर बाहेर येईपर्यंत शांतपणे थांबावे, ही कला आमच्या धंद्यात दुर्मीळच. ती मी शिकले एका दंतवैद्याच्या खुर्चीत, वयाच्या सदतिसाव्या वर्षी.

वार्षिकाच्या संपादकमंडळातील विद्यार्थिनी लेख मागावयास आल्या तेव्हा म्हणाल्या, "बाई, काहीतरी बोधपर लिहा." बोध करण्याचा अधिकार मला कितपत आहे, हे पुढील हकिगत वाचून तुम्हीच ठरवा. ही हकिगत लिहावी की लिहू नये, याचा मी पुष्कळ दिवस विचार केला. शेवटी असे वाटले, की जी गोष्ट मी वर्गात सांगून टाकली आहे, ती कागदावर उतरवण्यास भिण्याचे काय कारण?

गेल्या जून महिन्यात शाळा नुकतीच उघडली होती. बेळगावचा पाऊस सुरू झाला होता आणि त्याबरोबरच माझी खालची डावीकडची दाढ ठणकू लागली होती. लवंग झाली, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या झाल्या. तिसऱ्या रात्री मात्र झोपेने रजा घेतली आणि दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी दवाखाना गाठला. डॉक्टर पन्नाशी उलटलेले, बोलण्यात संथ. माझ्या आधीच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याशी ते कानडीत बोलत होते, त्या शेतकऱ्याच्या सुनेशी मराठीत. माझी पाळी आली.

दिवसभर बोलून पोट भरणाऱ्या माणसाला दंतवैद्याच्या खुर्चीइतकी जागृत करणारी दुसरी जागा नाही. तेथे तोंड उघडे असते आणि बोलता मात्र येत नाही. डॉक्टरांनी दाढ पाहिली, ती किडून आतल्या शिरेपर्यंत पोचल्याचे सांगितले आणि मग कागद पुढे ओढून नेहमीचे प्रश्न सुरू केले. मधुमेह? नाही. रक्तदाब? नाही. तंबाखू?

"छे!" मी जवळजवळ ओरडलेच. "मी हायस्कुलात शिक्षिका आहे."

डॉक्टरांनी मान हलवली. ते रागावले नाहीत, हसले नाहीत, आणि त्यांनी कागदावर काही लिहिलेही नाही. त्यांनी पुन्हा एकवार छोटा आरसा हाती घेतला, माझा खालचा ओठ बोटाने किंचित ओढून आत पाहिले आणि अगदी सहज स्वरात विचारले,

"बाई, दात कशाने घासता?"

"पेस्टने."

"केवळ पेस्टने?"

मी गप्प राहिले. डॉक्टरही गप्प राहिले. बाहेर पाऊस पडत होता. मला आठवते, की मी खिडकीच्या गजांवरून ओघळणारे थेंब मोजू लागले होते. वर्गात एखादा मुलगा उत्तर न देता खाली मान घालून उभा राहिला, तर मी दोन क्षणांच्या वर थांबत नाही. लगेच पुढच्याला उठवते. हा गृहस्थ थांबला होता. त्याच्या थांबण्यात घाई नव्हती, तसा सापळाही नव्हता.

"मशेरी लावते," मी म्हटले.

मशेरी म्हणजे काय, हे तुमच्यापैकी पुष्कळांना सांगावे लागणार नाही. इकडे तिला मिश्रीही म्हणतात. माझे माहेर गोव्यातील सत्तरी तालुक्यातले, चोर्ला घाट उतरल्यावरच्या मुलखातले. घरची बोली कोकणी, शाळेची भाषा मराठी. घरात माझ्या आजीचे राज्य होते आणि त्या राज्यात एक जुना लोखंडी तवा निव्वळ मशेरीसाठी राखून ठेवलेला होता. तंबाखूची पाने बेळगावच्या बाजारातून घाट उतरून येत. आजी ती तव्यावर भाजी. पाने प्रथम तपकिरी होत, मग काळी ठिक्कर पडत, आणि घरभर असा खकाणा उठे, की आम्ही मुले शिंकत अंगणात पळत असू. मग ती पाने हाताने चुरून, फडक्यातून गाळून, ती पत्र्याच्या डबीत भरून ठेवी. पहाटे मागच्या दाराच्या पायरीवर बसून ती तर्जनीने दातांवर अन् हिरड्यांवर ती काळी पूड फिरवीत राही. तिच्या दिवसातील तेवढा एकच काळ तिचा स्वतःचा होता. त्या वेळी तिच्याशी कोणी बोलत नसे.

मी आठनऊ वर्षांची असताना माझी दाढ दुखू लागली. आजीने तिच्यावर चिमूटभर मशेरी दाबली. मला भोवळ आली, उलटी झाली. परंतु दुखणे थांबले. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा सुरू झाले, पुन्हा मशेरी आली. या औषधाने कधी माझ्या अंगात घर केले, ते मला सांगता येणार नाही. बी. ए. होईपर्यंत मी सकाळी आणि रात्री मशेरी लावीत होते. लग्नानंतर न्हाणीघराची कडी लावून लावू लागले. पुढे शाळेतून परतल्यावर लागू लागली. आणि शेवटच्या दोनतीन वर्षांत एक लहानशी डबी माझ्या पिशवीत येऊन बसली, मधल्या सुट्टीसाठी.

आमच्या शाळेच्या फाटकावर एक फलक आहे. शिक्षणसंस्थेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखूजन्य पदार्थ विकण्यास २००३ च्या कायद्याने मनाई आहे, असे त्यावर लिहिले आहे. त्या फलकाखालून मी रोज डबी घेऊन आत जात होते. आणि तरीही डॉक्टरांनी "तंबाखू?" असे विचारताच मी "छे!" म्हटले, ते खोटे बोलायचे म्हणून नव्हे. तंबाखू खाणारे ते निराळे: पानपट्टीपाशी उभे राहणारे, चुना मळणारे, गाडीच्या खिडकीतून थुंकणारे. मी दात घाशीत होते! मनुष्याचे मन स्वतःची वकिली किती सफाईने करते, याचा हा नमुना आहे.

डॉक्टरांनी मग माझ्या हातात मोठा आरसा दिला आणि ओठ खाली ओढून दाखवला. ओठाच्या आत, हिरडीच्या बाजूला, जेथे माझे बोट रोज फिरत होते नेमके तेथेच, नखाएवढा पांढुरका चट्टा होता. दुखत नव्हता, खुपत नव्हता. मी तो कधी पाहिला नव्हता. स्वतःच्या ओठाच्या आत कोण पाहतो?

"याला आम्ही ल्युकोप्लेकिया म्हणतो," ते म्हणाले. "अशा प्रत्येक चट्ट्याचा कर्करोग होत नाही. परंतु कोणत्या चट्ट्याचा होईल, हे नुसत्या डोळ्यांनी सांगता येत नाही. मशेरी बंद करून दोन आठवड्यांनी पाहू. फिकट झाला नाही, तर लहानसा तुकडा काढून तपासावा लागेल."

मला त्या वेळी भीतीहूनही अधिक राग आला, आणि तो आला दुसऱ्याच एका दवाखान्यावर. गेल्या सहा वर्षांत तेथे मी दोनदा दातांवरचे काळे डाग काढून घेतले होते. डाग खरवडले गेले, दात चकचकीत झाले, पैसे दिले घेतले गेले; हे डाग कशाचे, असे मला कोणी विचारले नाही. नंतर मी ही तक्रार या डॉक्टरांपाशी केली तेव्हा त्यांनी आपल्या व्यवसायबंधूंची बाजू घेतली नाही, निंदाही केली नाही. ते म्हणाले, "विचारले तर रोगी दुखावेल आणि पुन्हा येणार नाही, अशी भीती असते. बाहेर दहा माणसे खोळंबलेली असतात. शिवाय दात काढणे, भरणे हे आपले काम. सवयी सोडवणे कोणा दुसऱ्याचे, असेही वाटते. मलाही पहिली दहा वर्षे तसेच वाटत होते."

परंतु विचार केला म्हणजे दिसते, की हे काम दंतवैद्याइतके दुसऱ्या कोणाला साधण्यासारखे नाही. छातीच्या वैद्याकडे माणूस जातो तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो. दाताच्या वैद्याकडे तो धडधाकट असतानाच जातो, आणि तंबाखूची पहिली सही तोंडातच उमटलेली असते. ती रोग्याला त्याच्याच तोंडात, आरशात दाखवता येते. दूरच्या भयाचे चित्र पाहून माणूस मान फिरवतो. स्वतःच्या ओठाकडे पाहून फिरवता येत नाही. त्यातून दाताचे दुखणे एका फेरीत संपत नाही. माझ्या दाढेला तीन खेपा पडल्या. म्हणजे तीनदा त्या खुर्चीत बसणे आले, आणि तीनदा तोच प्रश्न आला.

आपल्या देशात याचा रीतसर प्रयोगही होऊन गेला आहे, तो मला याच निमित्ताने समजला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत डॉ. फली मेहता हे दंतवैद्य होते. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खेड्यापाड्यांत जाऊन माणसांची तोंडे तपासली. पुणे जिल्ह्यातील एक लाखाहून अधिक ग्रामस्थांच्या त्यांच्या पाहणीचा वृत्तांत १९७२ साली प्रसिद्ध झाला. पुढे केरळ, आंध्र आणि गुजरात येथील तंबाखू सेवन करणारे ३६,००० हून अधिक ग्रामीण स्त्रीपुरुष निवडून दरवर्षी त्यांची तोंडे तपासण्यात आली, आणि प्रत्येकाशी व्यक्तिशः बोलून, चित्रे व चित्रपट दाखवून त्यांना तंबाखू सोडण्यास सांगण्यात आले. पाच वर्षांचे निष्कर्ष १९८६ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आले. ज्यांना असे सांगण्यात आले, त्यांच्यात सोडणाऱ्यांचे प्रमाण पूर्वीच्या पाहणीतल्यापेक्षा स्पष्टपणे अधिक होते. खेड्यातील अशिक्षित माणसाला सांगून काय उपयोग, असे म्हणणाऱ्यांना हे उत्तर आहे. सांगितले तर तो ऐकतो. केवळ त्याच्या दारी जाऊन, त्याच्या तोंडाकडे पाहून सांगितले पाहिजे.

आता माझ्याकडे वळते. पहिल्याच दिवशी डॉक्टरांनी मला "सोडा" असे म्हटले नाही. त्यांनी विचारले, "सोडावीशी वाटते का?" मी हो म्हटले. "मग दिवस तुम्ही ठरवा." मी पुढचा रविवार सांगितला. तोवर त्यांनी मला एक वही करायला लावली. दिवसातून किती वेळा मशेरी लावली, कोठे लावली आणि त्याआधी काय घडले होते, एवढेच त्यात लिहायचे. हजेरीपट मांडणे माझ्या अंगवळणी पडलेले. मी मशेरीची हजेरी मांडू लागले. आठवड्याअखेर ती वही वाचली तेव्हा माझ्या मनाने आजवर केलेली सारी वकिली संपली. दिवसाला सहा वेळा! त्यांतील दोनच वेळा दात घासण्याच्या होत्या. उरलेल्या चार वेळा कधी मुख्याध्यापकांशी बोलणे झाल्यानंतरच्या, कधी उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यापूर्वीच्या, कधी नुसत्या कंटाळ्याच्या.

रविवारी मी डबी परसातील फणसाखाली पुरली. पहिले चार दिवस फार वाईट गेले. डोके दुखे, झोप लागत नसे, पोट साफ होत नसे. नववीच्या वर्गात एका मुलीच्या हातून खडू पडला, तेवढ्यावरून मी तिच्यावर ओरडले. ती या ओळी वाचीत असेल तर तिने मला क्षमा करावी. डॉक्टरांनी हे सर्व अगोदरच सांगून ठेवले होते. तंबाखूतील निकोटिनची शरीराला सवय झालेली असते. ते मिळेनासे झाले की शरीर भांडते. हे भांडण पहिल्या आठवड्यात तीव्र असते आणि दोनचार आठवड्यांत निवत जाते. तलफ उठते ती काही मिनिटेच टिकते. तेवढा वेळ काढावा: घोट घोट पाणी प्यावे, दीर्घ श्वास घ्यावा, हातांना दुसरे काम द्यावे. गरज भासल्यास निकोटिनचे चघळायचे औषध मिळते, तेही वैद्याच्या सल्ल्याने घेता येते. मला त्याची गरज पडली नाही; बडीशेप आणि पाण्याची बाटली यांवर माझे निभावले.

दोन आठवड्यांनी मी पुन्हा खुर्चीत बसले. ओठ ओढला गेला. मी डोळे मिटून घेतले होते. "फिकट झाला आहे," डॉक्टर म्हणाले. जुलैच्या अखेरीस तो दिसेनासा झाला. डॉक्टरांनी लगेच बजावले, "चट्टा गेला म्हणजे परवानगी मिळाली असे नव्हे. दर सहा महिन्यांनी दाखवायला या."

मध्यंतरीच्या एका खेपेस त्यांनी मला आणखी एक गोष्ट सांगितली. मुंबईत १२१७ गर्भवती स्त्रियांची पाहणी झाली होती आणि तिचा अहवाल २००४ साली प्रसिद्ध झाला. धूरविरहित तंबाखू, त्यातही मुख्यत्वे मशेरी, वापरणाऱ्या स्त्रियांच्या बाळांचे वजन इतरांच्या बाळांपेक्षा सरासरी १०५ ग्रॅमनी कमी भरले. मी घरी आले, कपाट उघडले आणि माझ्या धाकट्या मुलीच्या जन्माचे कार्ड काढले. तिचे वजन कमी होते, हे मला आठवत होतेच. तिच्या बाबतीत कारण हेच होते, असे कोणीही खात्रीने सांगू शकणार नाही. तरी ते कार्ड धरलेल्या माझ्या हाताला कापरे सुटले. ती पलीकडच्या खोलीत पाढे म्हणत होती.

यानंतर सर्व सुरळीत झाले असे लिहिले असते, तर निबंध चांगला झाला असता; पण तसे घडले नाही. चवथीला आम्ही माहेरी गेलो. आजी आता नाही. तवा मात्र आहे, आणि तो आईच्या हातात आहे. दुसऱ्या दिवशी पहाटे तो ओळखीचा खकाणा नाकात शिरला. आई मागच्या पायरीवर बसली होती. मी शेजारी जाऊन बसले. तिने न बोलता डबी माझ्यापुढे सरकवली, जशी आजी तिच्यापुढे सरकवीत असे. मी बोट बुडवले.

परत आल्यावर पाचसहा दिवस मी दवाखान्याकडे फिरकले नाही. अभ्यास न केलेला मुलगा शाळेकडे जसा फिरकत नाही, तशीच ती टाळाटाळ होती. शेवटी गेले, आणि खुर्चीत बसण्यापूर्वीच सांगून टाकले. मी बोलणी खाण्याच्या तयारीने गेले होते. डॉक्टरांनी विचारले, "किती वेळा?" "तीन दिवसांत पाच वेळा." "कोठे?" "मागच्या पायरीवर." "बेळगावला आल्यानंतर?" "नाही." "मग सवय सुटली आहे. ती पायरी तेवढी सुटायची आहे. पुढच्या खेपेस पहाटे त्या पायरीऐवजी कोठे बसाल?" मी विचार करून म्हटले, "तुळशीपाशी." "ठीक आहे. आ करा."

इतकेच! या चार प्रश्नांत धिक्कार नव्हता, उपदेश नव्हता. माझ्या चुकीचा त्यांनी पुढच्या पाठासाठी उपयोग करून घेतला. पंधरा वर्षे शिकवूनही गृहपाठ न केलेल्या एकाही मुलाला "कोठे अडले? पुढच्या वेळी काय करशील?" असे मी विचारले नव्हते, ही आठवण मला त्याच खुर्चीत झाली.

हा प्रश्न माझ्या एकटीचा असता तर मी येथे लिहिला नसता. २०१६-१७ साली झालेल्या राष्ट्रीय पाहणीत देशातील प्रौढांपैकी २८.६ टक्के लोक कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू सेवन करीत असल्याचे आढळले. धूम्रपान करणारे १०.७ टक्के; धूर न करणारी तंबाखू घेणारे २१.४ टक्के. स्त्रियांत तर धूम्रपान अवघे दोन टक्के, आणि तोंडात धरण्याची, घासण्याची तंबाखू १२.८ टक्के. धूर दिसतो, म्हणून त्याच्याविरुद्ध ओरड होते. आमची तंबाखू ओठाआड राहते. १९९२ साली दंतमंजनात व टूथपेस्टमध्ये तंबाखू घालण्यास सरकारने बंदी केली. दुकानातील डब्यांपुरते ते झाले. घरच्या तव्यावर कोणता निरीक्षक येणार? तेथे पोचू शकतो तो एकच प्रश्न, आणि तो विचारण्याची संधी दंतवैद्याला रोज मिळते.

तंबाखू आपल्या मुलखात किती खोल रुजली आहे, हेही विसरून चालणार नाही. पोर्तुगिजांनी ती समुद्रापलीकडून आणली. सतराव्या शतकाच्या आरंभी असद बेगने ती विजापुराहून अकबराच्या दरबारी नेली. १६१७ साली जहांगीराने तिच्यावर बंदी घातली आणि ती बंदी कोणी मानली नाही. आपल्याच जिल्ह्यातील निपाणी तंबाखूवर वाढली. १९८१ साली तेथील शेतकऱ्यांनी तंबाखूला भाव मिळावा म्हणून शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली मोठे आंदोलन केले, ते वाडवडिलांना आठवत असेल. माझ्या वर्गातील काही मुलांच्या आया विड्या वळून त्यांची फी भरतात. त्या आयांना हिणवून तंबाखू सुटणार नाही. आणि ज्याच्या तोंडात ती आहे, त्यालाही हिणवून ती सुटत नाही.

दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली, तेव्हा मी नववीच्या वर्गात स्वच्छतेचा तास घेतला. दरवर्षी मी विचारीत असे, "तंबाखू कोण खातो?" आणि दरवर्षी कोणी हात वर करीत नसे. या वर्षी मी प्रथम माझी हकिगत सांगितली: डबीची, फाटकावरच्या फलकाची, चट्ट्याची आणि मागच्या पायरीचीही. वर्ग इतका शांत मी कधी पाहिला नव्हता. मग मी विचारले, "दात कशाने घासता?" आणि थांबले.

बराच वेळ कोणी बोलले नाही. मग मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "बाई, मिश्री. आजी देते." मग दुसरी. मग एक मुलगा, ज्याच्याकडून मी असे उत्तर कधी अपेक्षिले नसते. एकूण पाच जण झाले. मी त्यांची नावे लिहून घेतली नाहीत. दुसऱ्या शनिवारी त्या पाचही जणांना त्यांच्या पालकांच्या संमतीने मी डॉक्टरांकडे घेऊन गेले. सुदैवाने एकाच्याही तोंडात चट्टा आढळला नाही. डॉक्टरांनी प्रत्येकाला एकेक वही करायला सांगितली. एका मुलीची आजीही बरोबर आली होती. ती दाराशीच बसून होती. निघताना डॉक्टरांनी तिला वाकून विचारले, "आजी, तुमचे तोंड कधी बघू?" ती तोंडाला पदर लावून हसली; पण पुढच्या आठवड्यात ती आली, असे मला मागाहून समजले.

ज्यांना असा डॉक्टर जवळ नसेल त्यांच्यासाठी दोन गोष्टी सांगून ठेवते. दंतमहाविद्यालयांत तंबाखूमुक्ती केंद्रे चालवावीत, अशा मार्गदर्शक सूचना केंद्र शासनाने २०१८ साली दिल्या आहेत. तेव्हा आपल्या जवळच्या दंतमहाविद्यालयात जाऊन विचारावे. आणि १८००-११-२३५६ या क्रमांकावर दूरध्वनी केल्यास तंबाखू सोडण्यासाठी विनामूल्य सल्ला मिळतो. त्यासाठी नावाची वा पदवीची लाज वाटण्याचे कारण नाही.

माझी आई अजून मशेरी लावते. तिला मी उपदेश करून पाहिला, चट्ट्याचे भय घालून पाहिले, रागावूनही पाहिले; ती म्हणे, "आजून तुजें तेंच?" आणि विषय बदली. आता मी ते सारे सोडले आहे. रोज रात्री तिला दूरध्वनी करते. पाऊसपाणी, काजूची झाडे, गुरे यांची चौकशी झाली की शेवटी विचारते, "आई, आयज लायली?" आणि थांबते. पहिले काही दिवस ती फोन ठेवून देई. मग नुसतेच "हंऽ" म्हणू लागली. काल रात्री मात्र थोडा वेळ गप्प राहून ती म्हणाली, "काल दोनदां. आयज एकदांच."

मी माझी वही काढली. माझ्या रकान्यात शून्य लिहिले, आणि शेजारी नवा रकाना आखून त्यात आईच्या नावापुढे एक.